शनिवारचा घाणा, रामल्यातले पोहे

जाडे पोहे चाळणीत निथळत होते. शेजारच्या परातीत खवलेला नारळ, वाटीत साखर, वेलचीची पूड, भिजवून सोललेले बदाम आणि बेदाणे. "पोहे भिजवायचे नाहीत गं, नुसते ओले करायचे. लगदा झाला तर मलिदा कसला?" ठाण्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आजी सुनेला सांगत होत्या. पोहे हाताला मोकळे लागतात याची खात्री झाल्यावर त्यांनी स्वतः बोटांनी नारळ त्यात मिसळला. मोठ्या थाळ्यात पोह्यांचा ढीग रचला, कडेने पाच प्रकारची फळं मांडली, मध्ये गुलाबाची फुलं खोवली. नातवाला नोकरी लागली होती, म्हणून नवस फेडायचा होता.

दिवाणखान्यात पुरुष मंडळी डोक्यावर छोट्या गोल टोप्या घालून बसली. एका काकांनी हिब्रू प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, बाकीच्यांनी सूर धरला. एलियाहू हनाबीचं, म्हणजे बायबलमधल्या एलिया प्रेषिताचं गाणं झालं. मग एकेका फळासाठी वेगळा आशीर्वचनाचा मंत्र. झाडाला लागणाऱ्या फळाचा एक, जमिनीतून उगवणाऱ्या पिकाचा दुसरा, सुगंधाचा आणखी वेगळा. सगळे 'आमेन' म्हणाले आणि लगेच, "पोरांना आधी द्या रे, किती वेळची ताटकळलीत!"

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'मी कोण?' हा विषय दिला, तेव्हा मनात आधी हा थाळा आला. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात मलिद्याचा असा विधी नाही. कोकणातल्या दर्ग्यांत मात्र मलिदा आहे, आणि पोहे-नारळाचा प्रसाद तर आपल्या घराघरांत आहे. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाने शेजाऱ्यांकडून ताट घेतलं, त्यावर हिब्रू मंत्र म्हटले, आणि त्या ताटात स्वतःला जपून ठेवलं. माणूस स्वतःला कोण समजतो, हे त्याच्या मनात खोलवर कुठे तरी आपोआप ठरत नाही. ते त्याच्या स्वयंपाकघरात, वारांत, सणांत आणि शेजाऱ्यांच्या नजरेत ठरतं. शेजार बदलला की ओळखीचा कोणता धागा वर येईल, तेही बदलतं. हे मला या समाजाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तेल्यांमधले तेली

अलिबागेजवळच्या नवगावला समुद्राच्या बाजूने गेलं की एक जुनी दफनभूमी लागते. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना इथेच पुरलं. वाचलेल्यांपासून पुढचा सगळा समाज झाला. ही कथा कोणत्या शतकातली, याबद्दल अभ्यासकांची अनेक मतं आहेत. समाजाच्या लेखी मात्र ती कुळकथा आहे आणि तिच्यातला एक तपशील फार महत्त्वाचा आहे: पोथ्या बुडाल्या. म्हणजे वाचलेल्या माणसांजवळ धर्म उरला तो जेवढा तोंडपाठ आणि हातपाठ होता तेवढाच. 'शेमा' ही प्रार्थना, मुलग्यांची सुंता, शनिवारची विश्रांती, काही उपास, आणि काय खायचं-काय नाही याचे नियम.

कोकणात त्यांनी तेलाचे घाणे धरले, शेतीही केली. शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यावरून गावांनी त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

या नावापाशी थोडं थांबायला हवं. त्याच मुलखात सोमवार तेलीही होते. ते हिंदू. शंकराचा वार म्हणून सोमवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत. म्हणजे आठवड्यातला एक दिवस घाणा थांबवणारा तेली ही कोकणाला नवी गोष्ट नव्हती. प्रत्येकाचा देव वेगळा, प्रत्येकाचा वार वेगळा, हे गावाला समजत होतं. त्यामुळे शनिवार पाळणाऱ्यांना आपण असं का करतो याचा खुलासा कुणापुढे करावा लागला नाही. जगात अनेक ठिकाणी ज्यूंच्या शनिवारावरून वैर झालं. इथे त्या शनिवाराला जातिव्यवस्थेने एक खोली दिली आणि 'राहा' म्हटलं. जातिव्यवस्थेबद्दल माझ्या मनात काडीचंही प्रेम नाही. पण एका लहान समाजाला ग्रंथाविना, धर्मगुरूंविना शतकानुशतकं वेगळं राहता आलं, त्याचं एक कारण ही चौकट होती, हे मान्य करावंच लागतं. वेगळेपण हा तिथे संशयाचा विषय नव्हता. प्रत्येकाने वेगळंच असायचं, अशी अपेक्षा होती.

आडनावंही गावांनीच दिली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर. अशी शंभराहून अधिक गावं या समाजाच्या आडनावांत सापडतात. पहिल्या नावांना कोकणी वळण लागलं. अब्राहमचा अबाजी झाला, आयझॅकचा इसाजी, रहामीमचा रामाजी. मुंबईतलं समाजाचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. गावच्या बोलीत ते समाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या पलटणीत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटून आलो तर देवाचं घर बांधीन, असा त्यांनी केलेला नवस समाजात आजही सांगितला जातो. त्या काळी बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्थानकाचं नाव दिवेकरांच्या या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात.

अलिबागच्या इस्रायल आळीत एका घरी चहा घेताना मी मासळीचा विषय काढला. घरच्या बाई खुलल्या. "पापलेट, रावस, बांगडा सगळं खातो. कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत. खवला आणि पर पाहिजे माशाला." मग खिडकीतून बोट दाखवत, "पलीकडे आगऱ्यांचं घर आहे ना, कोळंबीचं कालवण झालं की आळीभर वास. लहानपणी मी आईला विचारायची, आपण का नाही खायचं? आई म्हणायची, आपण इस्रायल म्हणून. एवढंच. पुढे काही नाही."

त्या आईचं उत्तर मला पुरेसं वाटतं. मूल आपण कोण हे असंच शिकतं. आधी न खाण्याची सवय लागते, कारण मागाहून कधी तरी कळतं. समाजातल्या दुसऱ्या एका कथेत हेच उलट्या बाजूने येतं. डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. हे लोक आपल्यापैकी आहेत की नाहीत याची परीक्षा घ्यायला त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्याचे मासे बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली. मग त्याने काही घराण्यांतल्या माणसांना धर्माचे विधी शिकवले, ते पुढे समाजाचे काजी झाले. हा रहाबी फार प्राचीन काळचा, असं परंपरा मानते. अठराव्या शतकात कोचीच्या ज्यूंमध्ये याच नावाचा एक व्यापारी होता, तोच हा असावा, असं काही इतिहासकार म्हणतात. कोणताही असो, परीक्षेचा पेपर मात्र बायकांनी सोडवला, आणि तोही विळीवर.

झाकलेलं भांडं

या समाजाच्या जुन्या सणांची मराठी नावं ऐकताना मी हरखून गेलो. हिब्रू नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ज्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, तो दारफाळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर करायची तो खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याचा शोक पाळून वालाच्या बिरड्याने उपास सोडायचा, तो बिरड्याचा सण. आणि पुरीम? तो होळीचा सण, पुरणपोळीसकट.

पुरीमला होळी म्हणण्यामागे केवळ शेजाऱ्यांचं अनुकरण नाही. हिब्रू पंचांग आणि आपलं पंचांग दोन्ही चंद्राच्या महिन्यांवर चालतात आणि दोन्ही सूर्याशी मेळ राखायला मधूनमधून जादा महिना घालतात. आपण त्याला अधिक मास म्हणतो. हिब्रू पंचांगात १९ वर्षांत असे ७ महिने येतात, आपल्याकडेही हिशोब जवळपास तोच पडतो. त्यामुळे बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आसपास नव्याचा सण, दसऱ्याच्या आसपास दारफाळणी, कोजागरीच्या चांदण्यात मांडव घालायचा सण, होळीच्या पौर्णिमेजवळ पुरीम असा मेळ बसतो. कधी एखाद्या महिन्याचं अंतर पडतं, पण पुढे जुळतं. छापील पंचांग हाताशी नसलेल्या माणसांना शेजाऱ्यांचं आभाळ आणि शेजाऱ्यांची तिथी आपलं वर्ष सांभाळायला पुरली. दसरा जवळ आला म्हणजे आपला उपास जवळ आला, एवढं कळलं की झालं.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटला तो अनाशी ढाकण्याचा सण. वसंतातल्या वल्हांडणाच्या सणाला, ज्याला पेसाह म्हणतात, ज्यू घरांत आंबवलेलं काही ठेवत नाहीत. मिसर देशातून सुटताना पीठ आंबायला वेळ नव्हता, त्याची ही आठवण. कोकणातल्या इस्रायलांना पोथीअभावी मिसर देशाची कथा पुढे नीट आठवेनाशी झाली. पण त्या दिवसांत आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचं, हे बायका विसरल्या नाहीत. कारण गेलं, कृती राहिली. पिढ्यान् पिढ्या कुणी तरी एक बाई ठरलेल्या दिवशी उठून ते भांडं झाकत राहिली, आणि पुढे पोथी परत हातात आली तेव्हा तिच्यातली गोष्ट ठेवायला घरात जागा तयार होती.

खाण्यापिण्यात कोकणाने मोठी सोय केली. ज्यू नियमानुसार मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही. जिथे दह्यात मटण मुरवतात अशा मुलखात हा नियम जड गेला असता. इथे रश्शाला नारळाचं दूध. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवासुद्धा गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून आटवतात, म्हणजे मांसाहारी जेवणानंतरही तो बिनघोर खाता येतो. ढवळून ढवळून हात भरून येतात, पण सुरीने वड्या पाडताना त्या लोण्यासारख्या सुटल्या की घर खूश होतं. काही पथ्यं शेजाऱ्यांची उचलली. बेने इस्रायल बहुधा गोमांस टाळत, धर्माची आडकाठी नसतानाही. विधवेचा पुनर्विवाह आणि घटस्फोट त्यांच्यातही नापसंत झाले. नवरीला हिरवा चुडा, लग्नाआधी मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. या यादीतली एक गोष्ट पुढे फार महागात पडली, तिच्याकडे येतो.

मराठीतून परत मिळालेला धर्म

एकोणिसाव्या शतकात मुंबईत ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांना या समाजात फार रस होता. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. शाळा निघाल्या, जुना करार मराठीत वाचायला मिळाला. हेतू धर्मांतराचा. घडलं निराळंच. इस्रायल मुलं अब्राहम, मोशे, दावीद यांच्या कथा मराठीत वाचू लागली आणि या आपल्याच पूर्वजांच्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळलं. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीचे जास्त पक्के ज्यू झाले.

पुढे समाजानेच लेखणी हातात घेतली. जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह निघाली. पुण्याच्या प्रतीतली चित्रं पाहण्यासारखी आहेत. बिनआंबवलेल्या पिठाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका त्यात लुगड्यात, जमिनीवर बसलेल्या दिसतात. मिसर देशातल्या सुटकेची कथा सांगणाऱ्या पोथीत आपली मराठी स्वयंपाकघरं!

आणि कीर्तन. १८८० च्या सुमारास इस्रायल मंडळींनी चक्क कीर्तन उचललं. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, आर्या, झांजा, सगळा थाट तोच. आख्यान मात्र योसेफाचं किंवा मोशेचं. त्या काळच्या मुंबईत हरिदासांची कीर्तनं जोरात होती आणि इस्रायल श्रोत्यांनाही ती आवडत. तेव्हा आपली गोष्ट आपल्या माणसांना आवडेल अशा रीतीने सांगायची, तर दुसरी कोणती रीत असणार? माझ्या मते ही मराठी संस्कृतीची मोठी कामगिरी आहे आणि तिची आपल्याकडे जेवढी नोंद व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. आपण कीर्तनाचा इतिहास लिहितो तेव्हा त्यात योसेफाच्या आख्यानाला पान असलं पाहिजे.

याच शिक्षणातून पुढच्या पिढ्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनात आल्या. रेल्वे, टपाल, गोदी आणि लष्कर इथल्या नोकऱ्यांत हा समाज दिसू लागला. प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेरूशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. इंग्रजी कवितेत निस्सीम एझिकिएल आले. 'बूट पॉलिश'मधला प्रेमळ जॉनचाचा रंगवणारे डेव्हिड हे अब्राहम चेऊलकर. चौलचं गाव त्यांच्या आडनावात होतं, पडद्यावर ते फक्त डेव्हिड राहिले.

आतली भिंत, बाहेरची भिंत

शेजाऱ्यांकडून फक्त पुरणपोळी आली असं म्हणणं खोटेपणाचं होईल. समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. काळे म्हणजे मिश्र विवाहांची संतती, असं गोरे मानत. बेटीव्यवहार नाही, भांडीकुंडी वेगळी. ज्या व्यवस्थेने त्यांना सुरक्षित जागा दिली, तिचं विषही त्यांनी घरात घेतलं. विसाव्या शतकात हा भेद विरत गेला. आजच्या तरुणांना तो ऐकूनही माहीत नसतो. वयस्क माणसं मात्र विषय निघाला की आवाज खाली आणतात.

आणि मग हाच भेद त्यांच्यावर उलटला. बगदादकडून आलेले धनिक ज्यू मुंबईत आणि इतर बंदरांत स्थायिक झाले. सुरुवातीला ते बेने इस्रायलांबरोबर प्रार्थना करत. पुढे त्यांना या मराठी बोलणाऱ्या, सावळ्या, इस्रायल म्हणवणाऱ्यांपासून अंतर ठेवावंसं वाटू लागलं. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत यांना धरायचं की नाही, यावर वाद झाले. १९३० च्या दशकात रंगूनच्या सिनेगॉगमधल्या हक्कांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. कोकणातल्या कुणा तेल्याला वा आगऱ्याला यांच्या ज्यू असण्याबद्दल कधी शंका आली नव्हती. शंका घेतली ती ज्यूंनी.

पुरावा

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झालं आणि स्थलांतर सुरू झालं. देशाबाहेर पडणाऱ्या बहुतेक समाजांच्या मागे छळ असतो. इथे तसं काही नव्हतं. प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेणारी माणसं जेरुसलेमला निघाली. मागे राहणाऱ्यांशी भांडण नव्हतं. कोकणातल्या अनेक घरांच्या चाव्या शेजाऱ्यांकडे देऊन लोक गेले, असं अलिबागेत मला एकाहून अधिक जणांनी सांगितलं.

तिथे पहिली वर्षं कठीण गेली. नव्याने वसवलेल्या रखरखीत गावांत घरं, अंगमेहनतीची कामं, वर्णावरून टोमणे. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शंभरावर माणसं खरोखर परत आली, त्यांतली बरीचशी काही काळाने पुन्हा गेली. खरा घाव पुढे बसला. तिथे लग्नं धर्मपीठाच्या हातात. १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्रायल वधूवरांच्या आई, आजी, पणजीपर्यंतची वंशावळ तपासा. शंका अशी की, या लोकांनी शतकानुशतकं ज्यू रीतीने घटस्फोट घेतले असतील का? नसतील तर त्यानंतरची लग्नं आणि संतती वैध कशी?

इथे मघाशी सांगितलेली ती गोष्ट आडवी आली. कोकणात घटस्फोटच नापसंत होता. शेजाऱ्यांच्या उच्चवर्णीय चालीरीतींप्रमाणे तो जवळपास होतच नसे, मग घटस्फोटाची धार्मिक रीत येणार कुठून? जे सोवळेपण कोकणात प्रतिष्ठेचं होतं, तेच तिथे संशयाचं कारण ठरलं. भांडं झाकणाऱ्या त्या बाईकडे आता पणजीचा दाखला मागत होते. गावोगावच्या वंशावळ्या कागदावर कुठून आणायच्या? गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, हाच तर त्यांचा दाखला.

समाजाने हार मानली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्रायल जेरुसलेममध्ये येऊन बसले. साड्या नेसलेल्या बायका, कडेवर मुलं, हातात फलक. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आपल्या सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं. त्या लढ्यातल्या एका कुटुंबातल्या बाई पुण्याला नातेवाइकांकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भारतात आम्हाला कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही इस्रायल कशावरून. म्हणून तिकडे विचारलं तेव्हा उत्तर काय द्यायचं, तेच कळेना. रागच आला नुसता." बोलताना त्यांचा आवाज आजही चढतो.

तिथे सगळ्यांचाच शनिवार

इस्रायलमधल्या रामला, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत आज हा समाज मुख्यत्वे आहे. भारतीय मूळ असलेल्या तिथल्या ज्यूंची संख्या ८० हजारांच्या आसपास सांगतात. त्यांत बेने इस्रायल सर्वांत जास्त. भारतात मागे राहिलेले त्या मानाने मूठभर. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून ५ हजारही भरले नाहीत.

कोकणात यांचं वेगळेपण शनिवारात होतं, माशाच्या खवल्यात होतं. रामल्यात शनिवारी सगळा देशच बंद असतो आणि कोळंबी न खाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. तिथे वेगळेपण कशात उरलं? पोह्यात. मेंदीत. हिरव्या बांगड्यांत. मराठीत. कोकणात जे त्यांना शेजाऱ्यांसारखं करत होतं, तेच तिथे त्यांना शेजाऱ्यांपासून वेगळं करतं. म्हणून मलिद्याला तिथे वजन आलं. इथे अलिबागजवळ सागावच्या खडकावर, एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा असलेल्या ठिकाणी, नवस फेडायला लोक जात. तिकडे आता ते हैफाच्या एलियाच्या गुहेपाशी जमतात, आणि पोह्यांचा थाळा तिथेही मांडला जातो. लग्नाआधीची मेंदी घरच्या चार बायकांत होत असे. ती तिथे हॉल घेऊन, गाणी लावून होते, आणि मोरोक्कोहून आलेल्या शेजाऱ्यांकडेही मेंदीची रात्र असल्यामुळे ती लगेच समजून घेतली जाते.

मराठी टिकवण्याचं काम जाणीवपूर्वक झालं. 'मायबोली' हे मराठी त्रैमासिक १९८० च्या दशकात तिथे सुरू झालं. नोहा मस्सील यांनी ते वर्षानुवर्षं संपादित केलं. १ मेला महाराष्ट्र दिन होतो, नाटुकली बसवतात, लावणी होते. तिसरी पिढी मात्र हिब्रूतच विचार करते. तिला मराठी येते ती आजीच्या रागावण्याची, खाण्याची आणि गाण्याची. याचं मला वाईट वाटतं. पण जी माणसं एकदा सगळ्या पोथ्या गमावूनही स्वतःला विसरली नाहीत, त्यांच्याबद्दल निराश व्हायला मी तयार नाही.

इकडे ठाणे-मुंबईत प्रश्न संख्येचा आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं आहे, तिथे ते जमतात. कोकणातल्या गावांत एरवी जमत नाहीत, सणाला मुंबईहून मंडळी येतात तेव्हा जमतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मोठ्या सवलतींची अपेक्षा कुणाला नव्हती. "फॉर्मवर 'इतर' लिहायला लागायचं ते थांबलं, एवढं बास," असं ठाण्यातले एक निवृत्त बँक कर्मचारी म्हणाले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरच्या नोंदी त्यांना तोंडपाठ होत्या: धर्म ज्यू, जात बेने इस्रायल, मातृभाषा मराठी. "तिन्ही खरं आहे. त्यातलं एक खोडा म्हणालात तर आम्ही नाही खोडणार."

इस्रायलहून आता दर हिवाळ्यात नातवंडांच्या टोळ्या येतात. नवगाव, सागाव, इस्रायल आळी, आजोबांचं घर जिथे होतं ती जागा. अशाच एका गटाबरोबर मी अलिबागच्या बाजारात होतो. लोदहून आलेली, नुकतीच लष्करी सेवा संपवलेली एक मुलगी कडवे वाल बघत होती, आजीने आणायला सांगितले होते. विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिचं आडनाव विचारलं, ते ऐकून म्हणाल्या, "म्हंजे शनवार तेल्यांची का तू?" मुलीला काही कळलं नाही. बरोबरच्या काकांनी हिब्रूतून समजावलं की इथे आपल्याला असं म्हणत, कारण शनिवारी आपण घाणा चालवत नसू. तिला ते फारच विचित्र वाटलं. शनिवारी काम न करणं यात नाव ठेवण्यासारखं काय आहे, सगळेच तर करत नाहीत! काका म्हणाले, "इथे सगळे करायचे. आपणच नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने म्हाताऱ्या बाईंकडे बोट करून विचारलं, यांचा वार कोणता? काकांनी प्रश्न मराठीत केला. बाई हसल्या. "माझा सोमवार. शंकराचा," म्हणाल्या, आणि वजनात वाल थोडे जास्तच टाकले.